आगोटीला धरलेलं घर

कॉलेजकडून सुट्टीत कुठेतरी काम शिकायला पाठवतात. त्यासाठी बायोडेटा लिहायचा होता. 'कामाचा अनुभव' या रकान्यात मी आडवी रेघ मारली. आमच्या मॅडमनी ती पाहिली आणि विचारलं, "सुट्टीत तू काय करतेस?"

"काही नाही मॅडम. मासळी सुकवते. बाजाराच्या दिवशी आईबरोबर विकायला बसते."

"कधीपासून?"

"शाळेत होते तेव्हापासून."

मॅडमनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "मग ही कसली?"

या अंकासाठी लिहायला त्यांनीच सांगितलं. अशा लेखांत बहुतेक जण आयुष्यभराची नोकरी करून निवृत्त झालेले असतात. मला अजून शेवटच्या वर्षाची परीक्षा द्यायची आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण मी ज्या कामाबद्दल लिहिते आहे, त्यातला एक भाग आता राहिलेला नाही. तेवढ्यापुरती मीही निवृत्तच आहे.

आमचं गाव अलिबागच्या दक्षिणेला, किनाऱ्याला लागून. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत. आई, लीलाबाई, बोटींवरची मासळी घेते आणि सुकवते. मुख्य माल दोन: बोंबील आणि जवळा. बोंबील ओला असताना इतका मऊ असतो की हातातून निसटतो. तो धुवायचा आणि एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले असतात, त्यामुळे जोडी एकदा अडकली की सुटत नाही. अशा जोड्या बांबूंना ताणलेल्या दोरीवर टांगायच्या. त्या मांडणीला वलांडी म्हणतात. सुरुवातीला माझी बोटं रक्ताळायची. आई म्हणायची, "तुला चावला न्हाय तो. तू त्याला चावायला दिलंस."

जवळा म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही लहान कोळंबी. तो शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरायचा आणि दिवसभरात पुन्हा पुन्हा हलवायचा. वाळला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. मूठभर घेऊन कानाशी नेला आणि बोटं हलवली की वाजला पाहिजे. हे मला चांगलं जमतं. बायोडेटात कसं लिहायचं ते मात्र कळलं नाही.

आमच्या मालाला मीठ लागत नाही. कडक ऊन आणि उत्तरेचा कोरडा वारा, एवढंच लागतं. पावसाची सर आली तर संपलं.

बाजारात गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. शनिवार-रविवारी मांडव्याच्या बोटीने मुंबईहून लोक येतात. त्यांतल्या एक बाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "वास येणार नाही असे बोंबील आहेत का?" आई म्हणाली, "हायत की ताई, खेळण्याच्या दुकानात. पन ते शिजत न्हाय." बाई रागावल्या नाहीत, हसल्या आणि दोन जुड्या घेऊन गेल्या. खतीजाखाला दर वर्षी मुलासाठी जवळा नेतात. मुलगा कुवेतला असतो. त्या मला सांगतात, "बेटी, असा बांध की विमानात शेजारच्या मानसाला माज्या घरची याद येता कामा नये." मी बांधते. एकदा त्यांचा मुलगा स्वतःच आला आणि म्हणाला, "इतकं बांधू नको, विमानात मलाच वास हवा असतो."

पण बाजार हा आमच्या कामाचा दुसरा भाग. पहिला भाग होता आगोट.

बाहेरच्यांसाठी सांगते. पावसाळ्यात बोटी बंद असतात. पूर्वी रस्तेही बंद व्हायचे. त्याआधी घरात तांदूळ, मीठ, मसाला, कांदे, सुकट भरून ठेवायची, ती आगोट. आमच्याकडे मासळी असायची, तांदूळ नसायचा. खाडीच्या आतल्या गावांत तांदूळ असायचा, मासळी नसायची. म्हणून सुकवणाऱ्या प्रत्येक घराने खाडीकाठचं एक शेतकरी घर धरलेलं असायचं. 'धरलेलं घर' हाच शब्द. लग्न होऊन आल्यावर आईला सासूने जशी विहीर दाखवली, देऊळ दाखवलं, तसंच हे घर दाखवलं. कमळामावशी आणि धर्माकाका यांचं.

त्यांची शेती खारजमिनीत आहे. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा, भरतीचं खारं पाणी बाहेर ठेवायचं, आणि आत पावसाच्या पाण्यावर भात पिकवायचं. त्या मातीत थोडं मीठ राहतंच. ते सोसणारं भातही वेगळं, जाड आणि लालसर. त्याची पेज प्यायली की दुपारपर्यंत भूक लागत नाही.

धरलेल्या घराचे नियम होते, पण ते कोणी सांगत नसे. मोसमातले सर्वात चांगले बोंबील आधी त्यांच्यासाठी बाजूला काढायचे, मग बाजार. वजनकाटा न्यायचा नाही. त्यांनी तांदूळ पायलीने मापायचा, आणि मापावर शीग लावायची, म्हणजे वर डोंगरासारखा ढीग ठेवायचा. आपण जुड्या देऊन झाल्या की वर आणखी घालायच्या. आणि कोणीही 'पुरे' म्हणायचं नाही. समोरच्याचा हात थांबेपर्यंत आपण दुसरीकडे बघत राहायचं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा शाळेत होते. मावशी पडवीतूनच ओरडली, "लीला, बोंबील आनलेस का पोर आनलीस?"

"दोनी आनले. कंचा ठेवतीस बोल."

"पोर ठेव. बोंबील गणपतीपर्यंत संपतील. पोर भात लावील, कापील."

"खायला किती लागतं ते बघितलं न्हाय तू अजून."

मला रडू फुटलं. मला खरंच ठेवून घेणार असं वाटलं. मावशीने मला शेजारी बसवलं आणि लाल तांदळाची भाकरी दिली. काकांनी आमच्या जुडीतला एक बोंबील ओढून शेपटाकडून कच्चाच चावायला सुरुवात केली. ही त्यांची सवय. मावशी म्हणाली, "मांजर बरा, विचारून तरी खातो." काका म्हणाले, "मी माल तपासतो." दर वर्षी हाच संवाद व्हायचा आणि दर वर्षी दोघी हसायच्या.

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचं आहे, त्या वर्षी मी बारावीची परीक्षा देऊन घरी होते. मे महिना सुरू झाला होता. बोंबील त्या मोसमात आधीच कमी आला होता. बाबा म्हणत होते की बोटी पूर्वीपेक्षा लांब जातात आणि जाळं हलकंच येतं. आगोटीचा माल शेवटच्या खेपेत आला. आम्ही तो टांगला. निम्मा वाळला होता. मोबाइलवर ढगाचं चित्र होतं, पण ते आठवडाभर रोजच दिसत होतं आणि ऊन कडकडीत पडत होतं. आमच्या कोळीवाड्यात कोणाच्याही आठवणीत त्या दिवसांत पाऊस झाला नव्हता. तसा अलीकडे दिवाळीनंतर पडतो, पौषात पडतो. पण वैशाख आम्ही आपला धरला होता.

दुपारची जेवणं चालली होती. वारा दक्षिणेकडून फिरला. आई हातातला घास ताटात टाकून उठली. सगळ्या बाया किनाऱ्याकडे धावल्या. जवळा गोळा करेपर्यंत सरी आल्याच. शेणाच्या सारवणावर पाणी साचलं आणि जवळा त्यात तरंगायला लागला. बोंबील मात्र वाचवता येतील असं सगळ्यांना वाटलं. वलांडीवरून भराभर उतरवले, ढीग केला आणि त्यावर निळं प्लास्टिक घट्ट अंथरलं. पावसाळ्यात लाकडं झाकतात तसं.

पाऊस दोन दिवस राहिला. मधून मधून उकाडा इतका की प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. आईने कोपरा उचलला तेव्हा वाफ बाहेर आली. बोंबील उबले होते, लालसर पडले होते. अर्धवट वाळलेल्या मासळीला पावसापेक्षा झाकण वाईट, हे आमच्या वाड्याला त्या दिवशी कळलं. आधी कळायचं कारणच नव्हतं. झाकायची वेळ कधी आली नव्हती. तो सगळा ढीग कोंबड्यांच्या खाद्यासाठी गेला.

काही दिवस गेले. मग एका सकाळी आई बाजारात गेली आणि एका व्यापाऱ्याकडून बोंबलाचं पोतं घेऊन आली. ते बोंबील बाहेरून, उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून येतात. पोतं उघडून ती निवडायला बसली. एकसारखे काढून जुड्या बांधू लागली.

मी विचारलं, "हे कोणासाठी?"

"मावशीला."

"पण हे आपले नाहीत."

"मना ठावं न्हाय का?"

"आई, खरं सांगू या ना. पाऊस त्यांच्याकडे पण पडला असेल. त्या समजून घेतील."

आई हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "समजून घेईल. तांदूळ पन देईल. न्हाय कोन बोलतो? पन मंग ती देनार नि मी घेनार. मी काय देनार? तवा ते धरलेलं घर ऱ्हात न्हाय पोरी. ते उपकाराचं घर होतं. उपकाराच्या घरी मानूस एकदा जातो, दोनदा जातो, मंग पाय जड होतो."

मी जुड्या बांधायला बसले.

आम्ही मिनीडोर रिक्षाने गेलो. त्यांच्या गावाजवळ आल्यावर मला काहीतरी वेगळं वाटलं. खाडीच्या बाजूला शेतं दिसायची तिथे उथळ पाणी चमकत होतं आणि त्यात खारफुटीची कोवळी रोपं उभी होती. आमच्या शेजारी बसलेल्या माणसाने सांगितलं की गेल्या पावसाळ्यात मोठं उधाण आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला, बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला. भात कापणीला येण्याआधीच कुजलं. पूर्वी बांधाला नुसतं खेकड्याचं भोक पडलं तरी घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचा. आता तरुण मुलं उरणकडे कंटेनरच्या यार्डात कामाला असतात. म्हाताऱ्यांनी बांध बांधला, पुढच्या उधाणाने तो नेला. पुन्हा बांधला, पुन्हा गेला.

आई हे ऐकत होती. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

मावशी पडवीतच होती. "ये गो लीला! आनी ही कोन? मोठी झाली का काय? बारावी झालीस ना? आता भात लावायला येनार न्हाय तू."

"येईन की," मी म्हटलं.

"कुठं येशील?" मावशी म्हणाली, आणि लगेच पाणी आणायला आत गेली.

नेहमीसारखं सगळं झालं. चहा झाला. आईने जुड्या काढून ठेवल्या आणि दोन वर घातल्या. मावशीने आतून पोतं ओढत आणलं, पायली घेतली आणि मापायला बसली. आई रीतीप्रमाणे अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिली. मी मात्र बघत होते. तांदूळ पांढरा होता. गुळगुळीत, बारीक. मावशीने पायलीवर शीग लावायला मूठ ओतली. तांदूळ घसरला. तिने पुन्हा दोन्ही हातांनी वर ढीग केला, तोही सगळीकडून ओघळून खाली गेला. त्यांचा लाल तांदूळ खरबरीत, तो ढीग धरायचा. हा धरत नव्हता. तिसऱ्यांदा तिने हात भोवती धरून ठेवला, जणू शीग उभी आहे, आणि तशीच पायली आमच्या पिशवीत उपडी केली.

आई तुळशीकडे बघत बघतच म्हणाली, "पुरे, कमळे."

हा शब्द त्या पडवीत कधी कोणी उच्चारला नव्हता. मावशीचे हात पायलीवर तसेच राहिले.

नेमके त्याच वेळी धर्माकाका शेताकडून आले. गुडघ्यापर्यंत चिखल. पाय न धुताच त्यांनी जुडीतून एक बोंबील ओढला आणि चावला. मग थांबले. अंगणात जाऊन थुंकले.

"लीला, मीठ कवापासून लावायला लागलीस गो?"

आईने पिशवीचं तोंड बांधायला घेतलं.

मावशी म्हणाली, "गप बसा. दात न्हाय ऱ्हायले, आता चव पन गेली."

"दात गेले, जीभ हाय ना? हा मिठातला बोंबील हाय. आपला न्हाय."

"तुमाला काय कळतं? लीला लई वर्सं देते."

"म्हनून तर कळतं!" काका खरोखर गोंधळले होते. त्यांनी आईकडे पाहिलं, मग मावशीकडे, मग त्या पोत्याकडे. आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "मंग बरोबर झाला. तांदूळ तरी कुठं आपला हाय? काल मीच दुकानातून आनला."

आधी मावशी हसली. मग आई. दोघी इतक्या हसल्या की मावशीला खोकला लागला आणि आईने तिची पाठ चोळली. "मी पोत्यावरचा शिक्का दिसू नये म्हनून पोतं उलटं केलं गो," मावशी डोळे पुसत म्हणाली. "आनी मी बोंबील निवडायला सकाळपासून बसले," आई म्हणाली. काका म्हणाले, "मना सांगायचं तरी होतं. मी पन खोटं बोललो असतो."

मीही हसले. मला वाटलं, बरं झालं, सगळं मोकळं झालं. पण हसणं ओसरल्यावर मावशी खाली सांडलेले दाणे वेचायला लागली.

मग काका बोलले. बांध पुन्हा बांधायचा अर्ज दिलाय. बांधला तरी मातीतलं मीठ धुवायला काही पावसाळे जातील. बियाण्याचं भात शिंकाळ्यात ठेवलं होतं, त्यातलं निम्मं मागच्या वर्षी पेरून गेलं, उरलेलं जुनं होत चाललंय. उगवेल की नाही सांगता येत नाही. "आता कोन जिताडा मासा पाळायला तळं करूया बोलतो, कोन जमीन विकूया बोलतो. पोरगा बोलतो, बाबा तुमी चिखलात जाऊ नका." त्यांनी पायाकडे पाहिलं. "पन सकाळ झाली की पाय जातात."

निघताना मावशीने पिशवी आईच्या हातात दिली. आईने जुड्या तिथेच ठेवल्या. दुकानातला तांदूळ आमच्याकडे आला आणि दुकानातले बोंबील त्यांच्याकडे राहिले. मावशी म्हणाली, "पुढच्या वर्षी नुसती ये. काय आनू नको."

परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "नुसती ये, असं पाव्हनीला सांगतात."

त्यानंतर दोन पावसाळे झाले. कॉलेजात आम्हाला अन्नसुरक्षा हा विषय आहे. वर्गात सरांनी विचारलं की तुमच्या भागात हवामानबदलामुळे अन्नाची टंचाई आहे का. मी उभी राहिले आणि खरं ते सांगितलं की टंचाई नाही. आमच्या घरी रेशनचा तांदूळ येतो, अंडी असतात, बारा महिने भाजी मिळते. मावशीकडेही कोणी उपाशी झोपत नाही, मुलगा यार्डातून पगार पाठवतो. सर म्हणाले, "छान." मी बसले. आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण ते प्रश्नात बसत नव्हतं. आता दोन्ही घरी आम्ही सगळं विकत आणून खातो. आमच्या खाण्याला त्यांचं घर लागत नाही आणि त्यांच्या खाण्याला आमचं. याला टंचाई म्हणतात का, मला अजून कळलेलं नाही. पुस्तकातल्या व्याख्येत मी शोधलं, सापडलं नाही.

मला वाटायचं, आई आणि मावशीची मैत्री आहे, ती काही तांदळावर अवलंबून नाही. सुट्टीत मी आईला म्हणायचे, चल, सहज जाऊन येऊ. आई म्हणायची, "जाऊ की. कवापन जाता येतं आता." आगोटीच्या वेळी कवापन चालत नसे. पावसाआधी जावंच लागायचं. गुडघा दुखत असो, घरात आजारपण असो, ती जायची. आता कधीही जाता येतं, म्हणून ती गेली नाही.

यंदा मे कोरडा गेला. बोंबील कमी होते, पण जे वाळले ते फार सुंदर वाळले. पांढरे, कडक, हातात घेतले तर काडीसारखे मोडावेत असे. आईने सवयीने त्यातले चांगले वेगळे काढून पाटीत ठेवले. मी मनात खूश झाले. म्हटलं, "मावशीकडे जाऊ या ना आई. यंदा आपले आहेत."

आईने पाटी बाजूला सरकवली.

"माज्याकडं हायत म्हनून मी घेऊन जानार," ती म्हणाली. "तिच्याकडं न्हाय. मंग तिने काय करायचं? म्हाताऱ्याला परत दुकानात धाडायचं? आन पायलीवर हात धरून बसायचं?"

"मावशी काही मनात आणणार नाही."

"ती आननार न्हाय. मना दिसलं ना एकदा. परत न्हाय बघायचं."

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. आई किनाऱ्यावर होती, म्हणून मी घेतला. मावशीने माझ्या परीक्षेची चौकशी केली, काकांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं. मग म्हणाली, "यंदा तुमच्याकडं बोंबील बरे झाले म्हनतात."

"हो मावशी." मी सांगायला लागले. "आई येणार होती, पण..."

"ऱ्हाऊ दे गो. लीला का न्हाय आली ते मना ठावं हाय. तिला सांग, मना राग न्हाय. तिच्या जागी मी असते तर मी पन न्हाय आले असते."

संध्याकाळी आई घरी आल्यावर मी तिला शब्दन् शब्द सांगितलं. तिने हात धुतले, पदराला पुसले.

"तिला कळनारच," ती म्हणाली, आणि बाजूला काढून ठेवलेले बोंबील बाजाराच्या टोपलीत ओतले.